आमच्या टायगरलाही अस्संच झालं होतं

संध्याकाळी साडेसहाला सोसायटीच्या बागेतल्या कट्ट्यावर बसायला लागलात की चार दिवसांत कळतं, इथे कुत्रा पाळणाऱ्यापेक्षा कुत्र्याबद्दल बोलणाऱ्याला मान जास्त. पाळणारा बिचारा पट्टा धरून फरफटत जात असतो. बोलणारा बसलेला असतो. तेव्हा तुम्ही बसणाऱ्यांत या. त्यासाठी कुत्रा असावा लागत नाही, पूर्वी कधीतरी होता एवढं पुरतं. तो सासुरवाडीचा असला तरी चालेल. नाव टायगर सांगा, जात लॅब्राडॉर.

मग कुणाच्याही कुत्र्याला काहीही होवो, उलटी, खाज, लंगडणं, रात्री दोनला भुंकणं, तुम्ही शांतपणे म्हणायचं, "आमच्या टायगरलाही अस्संच झालं होतं." सिंबाची आई लगेच वळून तुमच्याकडे बघेल. (या बागेत माणसांना नावं नसतात. सिंबाची आई, ब्रूनोचे बाबा, कोकोची आजी. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ इथे आठ वर्षं नुसते 'ब्रूनोचे बाबा' आहेत आणि त्यांची काही तक्रार नाही.)

सुरुवात खाण्यापासून करा, त्यात आपण सगळेच जन्मजात तज्ज्ञ. मोजून दोन वाट्या कोरडे दाणे घालणाऱ्या बाईकडे करुणेनं बघा. "अहो, जीव आहे तो! दहीभात घाला, वर तुपाची धार सोडा." लॅब्राडॉर असेल तर आग्रह दुप्पट. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये दिसलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे त्याची भूक शमता शमत नाही. पण असा कुत्रा ताटाकडे केविलवाणा बघत असताना केंब्रिज आठवतं कुणाला? खात्यापित्या घरचा दिसायला नको?

सत्यनारायणाच्या शिऱ्याला तर नाही म्हणूच नये. त्यात बेदाणे असतात आणि द्राक्षं-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर उठतात हे खरं. पण नेमके किती खाल्ल्यावर, ते कुत्र्याकुत्र्यागणिक बदलतं, म्हणून डॉक्टर सुरक्षित आकडा सांगत नाहीत, 'एकही देऊ नका' म्हणतात. ज्याचा आकडा डॉक्टरलाच सांगता येत नाही त्यावर काय विश्वास ठेवायचा? शिवाय प्रसाद आहे. कांदा-लसणाचंही तेच. त्यानं म्हणे कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. आपण कांदा घालतोच कुठे? आपण चिकनचा रस्सा घालतो. कांदा त्यात आधीच विरघळलेला असतो, त्याला आपला काय इलाज.

आजारपणात पहिला नियम: नाक कोरडं म्हणजे ताप. कुत्र्याचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या घरात असतं, त्यामुळे तो आपल्या हाताला एरवीही गरमच लागतो, आणि नाक झोपेतून उठल्यावरही कोरडं असतं. खरं मोजायचं तर थर्मामीटर शेपटीखालून घालावा लागतो. ते काम आपल्या वयाला शोभत नाही, नाकाला बोट लावणं शोभतं. ताप 'सापडला' की गोळी घरात असतेच. लहान मुलाला अर्धी तर कुत्र्याला पाव, त्रैराशिकानं सुटतं. अंदाजानं दिलेलं पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला झेपत नाही, आयब्युप्रोफेननं पोटात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं बसतात, हे डॉक्टर बजावतात. पण डॉक्टर रविवारी संध्याकाळी दवाखाना बंद ठेवतात आणि कट्टा चालू असतो.

तुमची खरी कसोटी मात्र गोचीड. कानात, बोटांच्या बेचक्यात, गळ्यातल्या पट्ट्याखाली ती वाटाण्याएवढी फुगून बसते. उपाय प्रत्येकाचा वेगळा आणि प्रत्येकाचा रामबाण: रॉकेलचा बोळा, पेटती उदबत्ती, तंबाखूचं पाणी, कापूर घातलेलं खोबरेल. कोकोच्या आजीला हे चारही ठाऊक आहेत. त्यांच्याशी वाद घालू नका, पाचवा सांगा. रॉकेलनं कातडी भाजते आणि कुत्रा अंग चाटतो तेव्हा ते पोटातही जातं. खरं तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, एवढंच काम. पण एवढ्याशा कामासाठी तुम्हाला कोण विचारणार? आणि कुत्र्यावरच्या गोचिडी वेचताना भिंतीकडे चुकूनही बघू नका. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते आणि फटीत, चौकटीमागे, सोफ्याखाली हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याला आंघोळ, सोफ्याला अभय, हे आपलं धोरण.

पुढे काही आठवड्यांनी कुत्रा खाईनासा झाला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर तो बहुधा गोचीडताप. तपासणीत प्लेटलेट्स घसरलेल्या निघतात. प्लेटलेट्स हा शब्द कानावर पडताच पुढे सरसावा: पपईच्या पानांचा रस! डेंग्यूच्या साथीत अख्ख्या सोसायटीनं तो प्यायलेला असतो, त्यामुळे विरोध होत नाही. हा ताप आणणारा एर्लिकिया नावाचा जंतू पपईला भीक घालत नाही, तो डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाला दबतो आणि ते साधारण चार आठवडे द्यावं लागतं. पण आठव्या दिवशी कुत्र्यानं शेपूट हलवली की तुम्ही म्हणा, "आता पुरे, औषधं गरम पडतात." गोळ्या थांबतात. तोवर गुण पपईच्या नावावर जमा झालेला असतो, आणि ताप उलटला तर तो डॉक्टरांच्या नावावर.

वळण लावण्यासाठी एकच शब्द पाठ करा: अल्फा, म्हणजे कळपावर हुकूम चालवणारा दादा. १९४७ मध्ये प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून वर्चस्वाची कल्पना मांडली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकानं ती जगभर नेली. मग रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. ज्याला अल्फा म्हणत होतो तो निव्वळ बाप निघाला. ज्यानं पसरवली त्यानंच मागे घेतली. आपण मात्र शब्द मागे घेणाऱ्यांतले नाही. ब्रूनो तुमच्याआधी दारातून बाहेर पडला म्हणजे त्याला फ्लॅटचा ताबा हवाय, हे त्याच्या बाबांना पटवून द्या. 'उताणा पाडून दाबून धरा' म्हणावं. चावला तर सिद्धांत सिद्धच झाला.

पिल्लानं गालिच्यावर शू केली तर नाक त्यात घासायला सांगा. पिल्लू त्यातून एवढंच शिकतं, की शू या लोकांच्या समोर करायची नाही. मग ते सोफ्यामागे जातं, जिथे आधीच गोचिडी आहेत.

सिंबाचं तर विचारूच नका. त्याला बाबा 'सिट' म्हणतात, आजोबा 'बस रे खाली', कामाच्या मावशी 'बैठ', आणि धाकटी गाण्याच्या चालीत काहीतरी. तो चौघांकडे आळीपाळीनं बघतो आणि उभाच राहतो. तुमचं निदान: हट्टी आहे. ही जातच हट्टी.

लसीचं बोलणं निघालं तर "घरातलाच कुत्रा, बाहेर जातो कुठे?" हे स्वतः म्हणू नका, मालक म्हणेल, तुम्ही मान डोलवा. लसीचं कार्ड फ्रिजवर चिकटवलेलं असतं, शेवटची तारीख कुणी वाचत नाही. कुणाला दात लागला तर आधी "काही करत नाही हो तो" येतं, मग हळद, चुना, मिरचीपूड. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करायची, हे इतकं साधं आहे की कुणाला पटत नाही. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, त्यामुळे तर मुळीच पटत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. एवढ्या एका ठिकाणी, माझं ऐकाल तर, टायगरला मध्ये आणू नका.

बाकी सगळीकडे आणा. फक्त कधीतरी एखादा नवा भाडेकरू, पिल्लू काखेत धरून, भाबडेपणानं विचारेल, "काका, टायगर केवढा आहे आता?" कट्टा गप्प होतो. लॅब्राडॉर साधारण बारा वर्षं जगतात हे तिथे बऱ्याच जणांना माहीत असतं. तुम्ही गुलमोहराकडे बघत एक उसासा सोडा.

"पाच वर्षांचा होऊन गेला हो. नजर लागली त्याला."

आणि मग पुढे वाकून त्या पिल्लाच्या नाकाला बोट लावा. "जरा कोरडं वाटतंय."