जवाईबापू पेटीत

नाकाच्या शेंड्यावर माशी बसली आहे, आपले दोन्ही हात शाबूत आहेत आणि तरीही ती हाकलता येत नाही. हा अनुभव मला परवा भुसावळला सासुरवाडीत आला. आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, बोलावणं होतं. आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. जावयानं मागोमाग जाऊन आमरस खायचा आणि कूलरसमोर आडवं व्हायचं, एवढंच त्याचं काम. मी त्याच तयारीनं गेलो होतो.

पण शालकानं नवं घेतलं होतं. घरबसल्या अंगाला वाफ घ्यायचा घडीचा तंबू, त्याला जोडायचं ओझोनचं यंत्र, सोबत रिमोट. साहजिकच जुनं काढायचं होतं, आणि ते कुणाच्या गळ्यात घालायचं हे आमची गाडी जळगावाहून निघायच्या आधीच ठरलेलं होतं.

"जिजाजी, दोन्हींत बसून बघा. मग तुम्हीच सांगा, जुनं काय वाईट आहे!"

बाहेर ४३ अंश होते. भुसावळच्या माणसाला वाफ हवी असेल तर दुपारी दोन वाजता स्कूटरच्या सीटवर बसावं, अशी माझी सूचना होती. ती हसण्यावारी गेली.

आधी नवं. हा तंबू म्हणजे चार प्लॅस्टिकच्या नळ्यांवर ताणलेलं चंदेरी कापड. पुढून चेन, वर गळ्यापुरतं भोक, दोन्ही बाजूंना हात बाहेर काढायला चिरा. आत घडीची खुर्ची, तीही मुलांच्या सहलीला न्यायची असते तेवढीच. बाहेर दोन लिटरचं भांडं, १००० वॉटचं. पाणी संपलं की ते आपोआप बंद होतं, हे शालकानं तीनदा सांगितलं. एक लिटर पाण्याची पुरती वाफ करायला पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते, तेव्हा १००० वॉटचं भांडं ते काम तासाभरापेक्षा जरा कमी वेळात करतं. वाफ येते ती नेमकी घोट्याजवळच्या नळीतून. त्यामुळे पाय भाजतात, गुडघे कोमट राहतात आणि खांद्यापर्यंत नुसती बातमी पोचते. खुर्ची हळूहळू खचत गेली, तशी माझी मानही भोकातून आत आत गेली, आणि शेवटी मी कापडाच्या आतून चंदेरी आभाळ बघत बसलो. पण एक कबूल करतो, चेन आतून उघडते. त्या वेळी या गोष्टीचं मला काहीच वाटलं नव्हतं.

मग जुनं. जुनं म्हणजे फायबरची भक्कम पेटी, कपाटाएवढी. आत लाकडी स्टूल. वर दोन झडपा, त्या मिटल्या की मध्ये मानेपुरता गोल उरतो आणि आपलं डोकं वर, विस्तवावर भाजून ताटात काढलेल्या भरताच्या वांग्यासारखं, एकटं शिल्लक राहतं. वाफेचा ड्रम स्टीलचा, बाहेर. ओझोनची पेटी वेगळी, लोखंडी, तिच्यातून एक नळी आत सोडलेली. आणि चावीचा टायमर. पिळला की टर्रर्र करून मागे येणारा, शेवटी टिंग वाजणारा.

कडी बाहेरून.

शालकानं कडी लावली, टायमर पिळला आणि "आलोच, एक पार्सल आलंय" म्हणून जो गेला तो गेलाच. बायको आणि सासूबाई स्वयंपाकघरात रस फिरवत होत्या. मिक्सर चालू असताना या घरात भूकंप झाला तरी तो मिक्सरच्याच नावावर जमा होतो.

ओझोनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण शालकानं मला जे सांगितलं त्याचा राग अजून उतरलेला नाही. तो म्हणाला, "ऑक्सिजनच असतो हो, फक्त एक अणू जास्त." एकावर एक फ्री असल्याच्या थाटात. आता हा जो जास्तीचा अणू आहे, तो घरात टिकून राहायला तयार नसतो. समोर येईल त्याला जाऊन चिकटतो: जंतूंना, वासाला, रबराला, आणि आपल्या नाकाच्या व घशाच्या आतल्या कातडीला. पाणी शुद्ध करायला हा गुण फार उपयोगी पडतो. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी ओझोन वापरला जाऊ लागला. पण पाण्याच्या टाकीला फुप्फुसं नसतात. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांसाठी ओझोनची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग एवढीच धरलेली आहे. तिथली सरकारी पर्यावरण संस्था तर स्वच्छ सांगते, की माणसाला बाधणार नाही इतक्या प्रमाणात सोडलेला ओझोन घरातली हवा शुद्ध करण्याच्या फारसा कामाचा नसतो. म्हणजे कामाला येईल इतका सोडला तर आपण खोकणार, आणि खोकणार नाही इतका सोडला तर तो नुसता पाहुणा.

म्हणूनच या पेट्यांत डोकं बाहेर ठेवतात. थाटासाठी नव्हे, श्वासासाठी. जुन्या पेटीत मानेभोवती रबराची पट्टी होती, गळती होऊ नये म्हणून. त्या पट्टीला आडव्या भेगाच भेगा. ओझोन रबर असंच फोडतो. ज्या रबरानं ओझोनला अडवायचं, तेच ओझोननं खाऊन टाकलेलं. मग जो बाहेर येत होता तो सरळ माझ्या नाकात. वीज कडाडून गेल्यावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात येतो तो वास. शॉनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं स्वित्झर्लंडमधल्या बाझलला १८३९ मध्ये हा वास पहिल्यांदा नीट ध्यानात घेतला, आणि १८५७ मध्ये सीमेन्स या जर्मन संशोधकानं ओझोन मुद्दाम तयार करणारी काचेची नळी बनवली. शालकाच्या जुन्या यंत्रात तीच काचेची नळी, नव्यात तिच्या जागी चपटी सिरॅमिकची पट्टी. मधल्या फटीत मोठ्या दाबाची वीज सोडायची, ही युक्ती दोन्हीकडे एकच. नव्याला निळा दिवा आहे, एवढं मान्य. दोन्ही यंत्रं साधी हवाच ओढतात, म्हणून ओझोनबरोबर नायट्रोजनचे आगंतुक वायूही निघतात, आणि दमट असेल तर त्यातून आम्ल होतं. जुन्याच्या पितळी टोकांवर जो हिरवट थर होता तो काही शेवाळाचा नव्हता. वर ओझोनला उष्णताही सोसत नाही आणि ओलही. तो वाफेत सोडायचा म्हणजे एका हातानं करायचं आणि दुसऱ्या हातानं मोडायचं.

असो. मी पेटीत होतो.

तेवढ्यात शेजारचे जिभाऊ आले. जिभाऊ मूळचे अमळनेरकडचे, पण सगळी हयात भुसावळच्या रेल्वेत गेली. कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि पुढे विजेच्या गाड्यांवर निवृत्त झाले. विजेच्या गाड्यांबद्दल ते चांगलं बोलतात, पण सूर दुसरी बायको केलेल्या माणसाचा असतो. जीव कोळशातच आहे.

ते दारातच थांबले. चष्मा वर केला. पेटीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मी "जिभाऊ, जरा..." म्हणेपर्यंत ते माझ्या मागे गेलेले होते आणि मला मान वळवता येत नव्हती.

"जवाईबापू, मजार काय करी ऱ्हायनात?"

"बसलोय. जिभाऊ, ती कडी..."

"यानी शिटी कोठे शे?"

शिट्टी नव्हती. मग ते ड्रमपाशी खाली बसले. सेफ्टी व्हॉल्व्ह कुठे आहे? पाणी दाखवणारी काच कुठे आहे? काच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "पानी कितलं शे ते दखाई नही ऱ्हायनं!" मग त्यांनी मला सांगितलं, आणि माझ्यापुढे ऐकण्यावाचून दुसरा धंदा नव्हता, की इंजिनात फायरबॉक्सच्या माथ्यावर शिशाचा एक प्लग असे. पाणी कमी झालं की तो वितळे आणि वाफ थेट आगीवर सुटे. प्लग वितळला म्हणजे फायरमनची आणि ड्रायव्हरची नोकरी पणाला. त्यांच्या उभ्या कारकिर्दीत एकदाही वितळला नाही. मी अभिनंदन केलं. नाकावर माशी येऊन बसली ती तेव्हा. रसाचे दिवस, माश्यांना तोटा नसतो.

"जिभाऊ, माशी."

"हाई माशी काही करस नही," असं म्हणून ते पाण्याच्या विषयाकडे वळले. पाणी बोअरचं का नळाचं? बोअरचं असेल तर क्षार. क्षार म्हणजे थर. थर बसला की हीटर जळणार. आमच्या टाईमले बॉयलर ठरलेल्या मुदतीला पूर्ण धुवावं लागे. "हाऊ ड्रम कधी धुयेल शे?" मला काय माहीत! माझा त्या ड्रमशी संबंध फक्त मानेखालचा होता. पण सांगायला हवं, त्या सगळ्या घरात यंत्राकडे यंत्र म्हणून बघणारा हा एकच माणूस होता. बाकीच्यांना ते एक तर चमत्कार होतं किंवा अडगळ.

आणि लाईट गेली.

पंखा थांबला, कूलर थांबला, मिक्सरही थांबला. वाफ हळूहळू बसली. मी आनंदलो. आता कुणीतरी येईल, आता सुटका. पण चावीच्या टायमरला विजेशी देणंघेणं नसतं. तो स्प्रिंगवर चालतो. सगळं घर गप्प आणि टायमर मात्र टिकटिक, टिकटिक. जिभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे.

"टाईम व्हवाले अजून बाकी शे."

"अहो, लाईट गेली ना! वाफच नाहीये. कडी काढा."

"शिंगल पडनं नही, जवाईबापू. घाबरू नका, मी शे ना अठे."

सिग्नल पडल्याशिवाय त्यांनी हयातीत गाडी हलवली नव्हती, आणि माझ्यासाठी हलवणार नव्हते. शालकानं टायमर लावला आहे म्हणजे काही हिशोबानंच लावला असेल. वैद्यकीचा मामला आहे, मध्येच सोडलं तर वारं लागेल. मग सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या, पेटीतल्या जावयाला बघून डोक्यावरचा पदर नीट केला, आणि कप कुठे ठेवावा या विचारात पडल्या. जिभाऊंनी तो घेतला, बशीत ओतला आणि "चहा ल्या" म्हणून बशी माझ्या तोंडाला लावली. त्याच वेळी शालकाच्या मुलीनं फोटो काढला. तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. धुळ्याच्या मामेसासऱ्यांनी अंगठा दाखवला. नंदुरबारच्या साडूनं विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

वाफ गेली तरी पेटी गरमच होती, आणि आतली हवा पाण्यानं गच्च भरलेली. आमच्याकडचं ऊन कोरडं असतं. घाम येतो आणि उडून जातो, म्हणून माणूस निभावतो. कूलरच्या गवताचं गणितही तेच आहे, आणि म्हणूनच पहिला पाऊस पडला की कूलर नुसता दमट वारा फेकतो. पेटीत घाम उडायला जागाच नसते. तो कानामागून निघून पाठीवरून स्टुलावर आणि तिथून कुठे जातो ते सांगण्याचं कारण नाही. लोक याला विष बाहेर पडणं म्हणतात. घामात पाणी आणि मीठ. शरीरातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस फुकट करत असतात, त्यांना ना निळा दिवा ना रिमोट. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला या दिवसांत असं कोंडायला तर नकोच. मी ती गोळी घेतो, आणि हे शालकाला ठाऊक आहे. ज्या गावात नळ कधी येईल याचा नेम नाही आणि दुपारची लाईट कधी जाईल याचाही नाही, तिथे वीज आणि पाणी दोन्ही खर्चून घरात ऊन तयार करायचं, आणि वर त्यालाच आरोग्य म्हणायचं! गरम पाण्याचीच हौस असेल तर चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव आहे. तिथे गोमुखातून गरम पाणी पडतं. त्याला चावी नाही, कडी तर नाहीच.

टायमर अखेर टिंग वाजला. जिभाऊंनी कडी काढली आणि हात वर करून हिरवी झेंडी दाखवली. झेंडी म्हणजे माझाच टॉवेल, जो त्या क्षणी मला दुसऱ्या कामासाठी हवा होता.

जेवताना शालकानं विचारलं, "मग? जुनं कसं वाटलं?" मी म्हणालो, पेटी मजबूत आहे, स्टूल चांगलं आहे, ओझोनचं यंत्र भंगारात टाक आणि नवीन घेतलंस तेही परत पाठव. तो म्हणाला, केळीच्या कोठारातसुद्धा ओझोन वापरतात, फळ लवकर पिकू नये म्हणून. हे एक मात्र त्याचं खरं. फळं पिकवणारा इथिलीन वायू ओझोन मोडून टाकतो. पण मी केळी नाही, आणि मला पिकून बरीच वर्षं झाली. एवढं बोलून मी रसाची दुसरी वाटी मागितली. बायकोनं माझ्याकडे न बघता भावाला विचारलं, "कितीला देतोस?"

सहा हजार.

शुक्रवारी टेम्पो जळगावात येऊन गेला. पेटी जिन्यात अडकली, एक झडप निसटली, हमालानं मजला मोजून पैसे घेतले आणि भाडं मिळून आठशे रुपये मला रोख द्यावे लागले. ते मी सहा हजारांतून वजा धरले आहेत. शालक म्हणतो, पेटी आखाजीची भेट म्हणून धरा, भेटीचं भाडं कुणी कापतं का? मी विचारलं, भेट असेल तर सहा हजार कसले? त्यावर त्याच्याकडे रेंज नव्हती. जिभाऊंचा मात्र फोन आला. ड्रमला पाण्याची काच बसवायला रविवारच्या पॅसेंजरनं येतो म्हणाले. सोबत पाना आणि एक जुनी शिट्टी आहे.