कोकणी जेवणाला दोन तास? कुठल्या दिवशी?

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, शेवटी जोडलेले हात आहेत. म्हणणं थोडक्यात असं: कोकणी जेवण म्हणजे नारळ खवा, वाटप वाटा, मासे साफ करा, दोन तास कुठे गेले नाहीत. संध्याकाळी दमून घरी येणाऱ्या आईबापांना ते झेपणारं नाही. त्यात हल्लीची मुलं काट्याला घाबरतात, मासे खातच नाहीत. रात्री मासे दिले तर झोपताना दूध देता येत नाही, भात दिला तर मुलं सुटतात. तेव्हा मनाला लावून न घेता मुलांना त्यांच्या आवडीचं पाकिटातलं काहीतरी द्या, मोठ्यांनी आपलं वेगळं खा. आणि पावसाळ्यात तर विचारूच नका.

दमलेल्या माणसाला धीर मिळतो म्हणून हा मजकूर पुढे पाठवला जातो, आणि त्या धीराशी माझं भांडण नाही. एखाद्या रात्री नूडल्स खाल्ल्याने कुणाचं पोर बिघडत नाही. पण धीर देण्यासाठी जी कारणं पुढे केली आहेत, ती एकेक करून बघितली तर बहुतेक फुसकी निघतात.

आधी ते दोन तास. हे माप पाहुणे येण्याच्या दिवसाचं आहे. कोंबडी-वडे, शिरवाळे आणि रस, काळ्या वाटाण्याचं सांबारं हे सणासुदीचं, जत्रेचं, मुंबईकर घरी आल्यावरचं जेवण. सांबारं करायचं तर वाटाणे सकाळी भिजत पडलेच पाहिजेत, वेळेचं गाऱ्हाणं तिथे बरोबर आहे. पण कुठल्या कोकणी घरात मंगळवारी रात्री वडे तळतात? दिवसभर शेतात किंवा खाडीवर राबून आलेल्या बायका रात्री चुलीपुढे दोन तास बसत नव्हत्या. त्या कुळथाची पिठी, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ आमटी, करत होत्या.

पिठीचं गणित बघा. कुकरमध्ये भात लावायचा. शेजारी पातेल्यात तेल तापवून ठेचलेला लसूण घालायचा, आणि तो नुसता गुलाबी नाही, चांगला लाल होऊ द्यायचा. पिठीची अर्धी चव तिथेच आहे. मग हळद, चार-पाच वाट्या पाणी, मीठ, दोन-तीन आमसुलं. पाण्याला उकळी येईपर्यंत पाऊण वाटी कुळथाचं पीठ थंड पाण्यात कालवून घ्यायचं. गरम पाण्यात कोरडं पीठ टाकलंत तर गुठळ्यांची आमटी खावी लागेल. कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळायचं, सात-आठ मिनिटं उकळू द्यायचं, वर मूठभर ओलं खोबरं. कुकर गार व्हायच्या आत पिठी तयार असते. कुळथात शंभर ग्रॅमला सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे हे काही गरिबाघरचं पोट भरण्यापुरतं पाणी नव्हे.

माशांचंही तसंच. मटणाला वेळ लागतो कारण त्यातल्या चिवट तंतूंना विरघळायला वेळ लागतो. माशात ते तंतू फार कमी आणि नाजूक असतात. त्यामुळे बांगड्याचं तिखलं, ज्यात नारळ नाही, फक्त तिखट, हळद, आमसुलं आणि चार तिरफळं (मिरीसारखा झणझणीत कोकणी मसाला), ते पंधरा मिनिटांत होतं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, तर तोंड उघडलं की झाल्या. ज्या उघडल्या नाहीत त्या टाकून द्यायच्या, इतकंच.

वेळ खरोखर जातो तो वाटपात आणि माशाच्या सफाईत, हे मान्य. पण ही दोन्ही कामं रात्री सात वाजताच करायची असं कुणी सांगितलंय? रविवारी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप करून लहान डब्यांत फ्रीजरला टाकलं की आठवड्याची आमटी, उसळ, कालवण सगळं निघतं. खवलेलं खोबरंही तसंच राहतं. (वाऱ्यापावसात वीज गेली आणि वाटप पूर्ण वितळलं, तर ते पुन्हा गोठवू नका. त्याच दिवशी संपवा, शेजारी द्या, काहीही करा.) मासे तर बाजारात बसलेली मावशीच साफ करून, तुकडे करून देते. चार पैसे जास्त घेते, आणि ती ज्या वेगाने खवलं उडवते तो आपल्याला जन्मात जमणार नाही.

इथे एक गोष्ट मजकुरात नाही, पण असायला हवी होती. सकाळी घेतलेला बांगडा ऑफिसच्या पिशवीत दुपारपर्यंत पडू देऊ नका. बांगडा, कुपा (ट्यूना) अशा माशांत उष्णतेने जिवाणू वाढून हिस्टामिन तयार होतं, आणि ते नंतर कितीही शिजवलं तरी जात नाही. मग जेवल्यावर पोराचं तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, आणि घरात ठरतं की याला मासा बाधतो. माशाची खरी ॲलर्जी असते, ती डॉक्टरांकडूनच तपासून घ्यावी. पण काही वेळा दोष माशाचा नसून न घातलेल्या बर्फाचा असतो.

आता काटे. मुलं काट्याला घाबरतात हे खरं, पण म्हणून मासेच खात नाहीत हे कुठून आलं? कोळंबीला काटा नाही. तिसऱ्यांना नाही. सुरमईच्या तुकडीत मधला कणा काढला की फारसं काही उरत नाही. कुरकुरीत तळलेली मांदेली मोठी माणसं काट्यासकट खातात. मोरीत (म्हणजे शार्कमध्ये) बारीक काटे नसतात म्हणून ती मुलांना देण्याची पद्धत आहे, पण मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साचतो, आणि मोरी त्यातलीच. लहान मुलांना ती नको. त्यापेक्षा छोटा बांगडा बरा, पारा कमी आणि ओमेगा-3 भरपूर.

बांगड्याचा काटा काढणं हे हाताला एकदा बसलं की विसरत नाही. शिजलेला मासा ताटात आडवा ठेवायचा, डोक्यापासून शेपटीपर्यंत मधल्या काळसर रेघेवर अंगठ्याने हलकं दाबायचं, मांस दोन्हीकडे सुटतं. वरचं मांस उचलून बाजूला घेतलं की कणा उघडा पडतो. शेपटीकडून धरून तो अख्खा वर उचलायचा. राहतात ते पोटाकडचे बारीक काटे आणि मधल्या रेघेतले चार-सहा, ते बोटांनीच चाचपायचे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे आजी मुलांच्या ताटात अशी चाचपलेली चिमूट-चिमूट भातावर ठेवते. तारली किंवा पाला अशा बारीक काट्यांच्या माशांच्या वाटेला मात्र लहान मुलांबरोबर रात्री घाईत जाऊ नये.

आणि काटा अडकलाच तर सुक्या भाताचा गोळा गिळायला लावतात ना, ते बंद करा. काटा त्याने आणखी खोल रुतू शकतो. दुखत राहिलं तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे.

मासे आणि दूध. आयुर्वेदात याला विरुद्धाहार म्हटलंय, आणि ज्यांना तो पाळायचा त्यांनी पाळावा. पण गटावर जे लिहिलं जातं, की मासे आणि दूध एकत्र गेलं की अंगावर कोड येतं, त्याला वैद्यकीय आधार नाही. कोड शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने रंगपेशींवर हल्ला केल्यामुळे येतं. आणि तरीही धास्ती वाटत असेल तर दूध सकाळी द्या. झोपताना दूध पाजलंच पाहिजे असा कायदा कुठे आहे?

भाताने मुलं सुटतात, याला एका ओळीपेक्षा जास्त उत्तर द्यायची गरज नाही: पिढ्यान् पिढ्या भात खाऊन वाढलेला हा किनारा आहे, आणि पोरं सुटतात ती बिस्किटं-वेफर्स खाऊन संध्याकाळ मोबाईलवर काढल्याने. उकडा तांदूळ मिळत असेल तर तोच लावा. तुसासकट उकडताना कोंड्यातली बी जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, त्यामुळे कोंडा काढल्यावरही ती बरीच शिल्लक राहतात.

मजकुरातला सगळ्यात वाईट सल्ला मात्र “मुलांना वेगळं, मोठ्यांना वेगळं” हा आहे. वेळ वाचवायचा म्हणून सांगायचं आणि कामाला लावायचं दोन स्वयंपाकांना. शिवाय ज्या पदार्थाशी मुलाची ओळखच झाली नाही, तो ते खाणार कसं? साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात नव्या चवीला नकार देणं हे वाढीचाच भाग आहे, हट्टीपणा नव्हे. एखादी चव पटायला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. आपण दुसऱ्या वेळेलाच “याला आवडत नाही” असं जाहीर करून मोकळे होतो, तेही त्याच्यासमोर. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यासाठी एक वाटणी सुचवली: काय, कधी आणि कुठे जेवायचं हे आईबापांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. जबरदस्ती नाही, लाच नाही, “दोन घास खाल्लेस तर कार्टून” नाही.

ही वाटणी आपल्या ताटात सहज बसते. पिठी करताना मिरची घालू नका. मुलांच्या वाट्या भरून झाल्या की कढल्यात तेल, सुकी मिरची, तिखट अशी चुरचुरीत फोडणी करून मोठ्यांच्या पातेल्यात ओता. एकच पिठी, दोन चवी. सोबत मूल नक्की खातं असं काहीतरी ताटात असू द्या: भात, दही, उकडलेलं अंडं, तांदळाच्या पिठाचं घावन. घावनाला आंबवणं नाही, वाटणं नाही. पातळ पीठ कालवून तव्यावर ओतलं, झाकण ठेवलं, झालं. पिठीला हात न लावता नुसतं घावन खाल्लं तरी चालेल. पिठी परवा परत दिसणार आहेच.

पाकिटातल्या नूडल्सची दोन मिनिटं पाणी उकळल्यावर सुरू होतात, हा हिशोब कुणी करत नाही. पाकीट उलटून सोडियमचा आकडा वाचा, मुलालाच वाचायला द्या. मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक ग्रॅम सोडियम म्हणजे जवळपास अडीच ग्रॅम मीठ.

राहिला पावसाळा. जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद असतात, ताजा मासा महाग आणि कमी, हे खरं. म्हणून तर उन्हाळ्यात सुके मासे भरून ठेवतात. सुका जवळा (वाळवलेली अगदी बारीक कोळंबी) आधी कोरडाच भाजा, सुपात पाखडून कचरा काढा, पटकन धुऊन पिळून घ्या. तेलात भरपूर कांदा परतून त्यात जवळा, हळद, थोडं तिखट, दोन आमसुलं, झाकण, आठ मिनिटं. वास येतो म्हणून मुलं नाक मुरडतील. पहिल्यांदा चमचाभरच भातात कालवून द्या, तेही लाल कडक झालेला कांदा जास्त आणि जवळा कमी असा. भाजताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर शेजारचे जेवायला येतील.