रोश मठ पाडला कोणी? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. इंग्लंडमधल्या यॉर्कशरमधला रोश हा सिस्टर्शियन, म्हणजे एका ख्रिस्ती भिक्षुपंथाचा मठ. त्याच्या पडझडीचं खापर मी मठ बरखास्त करणाऱ्या राजा आठव्या हेन्रीच्या माणसांवर फोडतो, खरं काम पाचशे वर्षांच्या पावसानं केलं, हेमाडपंती मंदिरं नाही का उभी, आणि गावकऱ्यांना उगाच चोर ठरवलंय, असं तुमचं म्हणणं. पावसाचा वाटा मोठा आहेच. पण त्याला आत यायला वाट कोणी करून दिली, ते आधी बघू.

1147 मध्ये स्थापन झालेला हा मठ 23 जून 1538 रोजी राजाच्या ताब्यात गेला. पहिला हात पडला तो छपरावरच्या शिशावर, कारण वितळवून लगेच पैसा करता येईल असा माल तोच. जवळच्या विकर्स्ली गावचा धर्मगुरू मायकेल शेरब्रुक यानं प्रत्यक्ष हजर असलेल्या नातलगाकडून ऐकून लिहून ठेवलंय, की जवळच जंगल असूनही शिसं वितळवायला जाळली ती भिक्षूंची प्रार्थनेची आसनं. यॉर्कशरमधल्याच रिव्हो मठात तर राजमुद्रेचा छाप असलेले शिशाचे ठोकळे ढिगाऱ्याखाली सापडले, म्हणजे शिसं आधी उतरलं, दगड नंतर कोसळले.

शिसं गेलं, तुळया विकल्या गेल्या की दगडी कमानींचं छत उघडं पडतं. ते पाणी झेलण्यासाठी बांधलेलंच नसतं. खोबणींत पाणी साचतं, सांध्यांतला चुना धुपतो, हिवाळ्यात पाणी गोठून फुगतं आणि सांधे उकलतात. कमानीचा रेटा बाजूला असतो. एक दगड निसटला की शेजारचेही आधार सोडतात. भिंतींचंही तसंच. दोन्ही बाजूंना घडीव दगड आणि मध्ये चुना-गोट्यांची भर. माथा उघडा राहिला की पाणी भरीत उतरतं आणि दर्शनी थर पोट काढतो. कोणी घडीव दगड उपसून नेले, तर विचारायलाच नको. हेमाडपंती मंदिरात दगडावर दगड बसवलेला, सांध्यात चुना नाही, भार सरळ खाली, छप्परही दगडाचंच. शिवाय तिथे हिमाचा मारा नाही. म्हणून ते उदाहरण इथे लागू पडत नाही.

गावकऱ्यांना मी चोर म्हटलेलं नाही. शेरब्रुक सांगतो, दोन दिवसांपूर्वी मठात भक्तिभावानं उभे राहणारेच लुटीत उतरले. कोणी प्रार्थनेची पुस्तकं गाड्यांच्या आच्छादनाला ठिगळं म्हणून लावली. शेरब्रुकच्या वडिलांनी भागीदारांसह चर्चचं काही लाकूड आणि घंटाघराचं सगळं लाकूड विकत घेतलं होतं. का, असं त्यानं पुढे विचारलं, तेव्हा वडील म्हणाले, सगळंच जाणार हे दिसत होतं, मग इतरांसारखं मीही केलं. सरकारी नोंदींत न सापडणारी ही माहिती आहे, आणि तिच्यात मला लबाडी दिसत नाही.

आता भिंती पावसानं झिजल्या याचा पुरावा म्हणून तुम्ही दिलेले मठाचे जमिनीलगतचे ठेंगणे पाये. 1770च्या दशकात उद्यानरचनाकार लॅन्सलॉट ब्राउननं जमीनदारासाठी उद्यान आखताना बरीच बांधकामं पाडली, मातीचे उंचवटे घातले आणि वर हिरवळ लावली. 1920च्या दशकात उत्खनन होऊन ते पाये वर आले. त्यांच्या उंचीवरून पावसाचं माप काढता येणार नाही. त्याच दगडाच्या, क्रुसाच्या आकाराच्या चर्चच्या आडव्या भुजेच्या भिंती तर त्याच पावसात आजही उंच उभ्या आहेत.