दारात जोंगा

बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर, त्यामुळं फौजेतून रिटायर होऊन आलेला एक तरी मामा गल्लीत असतोच. नवा जोंगा, म्हणजे लष्करानं लिलावात विकलेली जुनी जीप, दारात आला की तो येतो, चाकाला हात लावतो आणि नुसता हसतो. त्याला ठाऊक असतं, ही गाडी चालवायला एक माणूस पुरतो, पण उभी ठेवायला पलटण लागते. लष्करात तिच्यामागं ड्रायव्हर, फिटर आणि अख्खं वर्कशॉप होतं. आपल्यामागं एक रविवार, आणि त्यातही कुणाचं तरी बारसं.

जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीनं निसान पॅट्रोलवरून १९६९ पासून ही गाडी बांधली. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोल. लिटरला चार-पाच किलोमीटर. म्हणून काहीजण डिझेल इंजिन बसवतात, पण आरटीओची परवानगी आधी घ्यायची, इंजिन मग उचलायचं. उलटं केलं की गाडी राहते आणि कागद फिरतात.

कागदाचं एकच सांगतो. लिलावातल्या गाडीचा फॉर्म २१, म्हणजे लष्कराचा विक्रीचा दाखला, हातात नसेल तर आपण घेतलेली वस्तू गाडी नव्हे, वजनावरचं लोखंड. रंगाचं त्याहून नाजूक. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याचा. त्यामुळं समस्त जोंगावाले आयुष्यभर असा एक रंग शोधत असतात, जो पोलिसाला राखाडी दिसावा आणि मित्राला हिरवा.

खरी परीक्षा जूनमध्ये. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस सुरू झाला की गाडी शेडमध्ये जाते आणि तिथंच आजारी पडते. चालवून जोंगा फारसा बिघडत नाही, उभा राहून बिघडतो.

पहिला बळी ब्रेकचा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. ते पाणी व्हील सिलिंडरच्या, म्हणजे प्रत्येक चाकातल्या ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याच्या, तळाला बसतं, तिथं गंजाचे खड्डे पडतात आणि खड्ड्यावरून फिरणारा रबरी कप कापला जातो. पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली जायला लागलं, किंवा टायरच्या आतल्या बाजूला ओला काळा ओघळ दिसला, की ड्रम उतरवायचा. खड्डे वरवरचे असतील तर बारीक पॉलिश पेपरनं जातात. नखाला लागत असतील तर उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर स्लीव्ह (आतून नवी नळी) मारून घ्यायची. या बाबतीत बेळगावकर नशीबवान. दिल्ली-जबलपूरला न मिळणारा बुश (दांड्याभोवतीचं झिजणारं कडं) इथं संध्याकाळपर्यंत तयार होतो, फक्त जुना बुश नमुन्याला न्यायचा. तोंडी माप सांगितलं की मिस्त्री चहा मागवतो. कप बसवताना बोटाला ब्रेक ऑइलच लावायचं. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लागलं तर रबर फुगतं, आणि मग ब्रेक लागतो तो सुटतच नाही.

आता ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढणं. गाडी उजव्या स्टिअरिंगची, म्हणून मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलजवळच्या मुख्य सिलिंडरपासून, सगळ्यात लांबचं चाक मागचं डावं. सुरुवात तिथून, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. चाकामागच्या निपलला (हवा सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. आत बसलेल्यानं पेडल दाबून धरायचं, खालच्यानं निपल सोडून परत आवळायचं, आणि त्यानंतरच वरच्यानं पाय उचलायचा. वाचायला सोपं आहे. गाडीखालून "धर!" ओरडलं की वरून "अहो, धरू की सोडू?" येतं, तेवढ्यात पाय उचललेला असतो आणि आत पुन्हा हवा. बहुतेक गाड्यांत चारही चाकांना ब्रेकची एकच लाईन आहे, एका चाकात हवा राहिली की चारही ब्रेक ढिले, म्हणून हा संवाद कितीही लांबला तरी पुरा करायचा.

पेट्रोलचंही तेच दुखणं. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिन पितं ते तळाचंच. पंपाचा जुना डायफ्राम (रबरी पडदा) आणि नळ्याही त्यानं खराब होतात. पावसाळ्याआधी एकतर टाकी काठोकाठ भरा, नाहीतर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही कोरडे करा. दर रविवारी शेडमध्ये पाच मिनिटं घुरघुरवण्याला मी देखभाल म्हणत नाही. त्यानं सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि शेजारी जागे होतात. काकतीपर्यंत जाऊन या, इंजिन नीट तापू द्या.

आणि मंडळाची पोरं येतात. बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक, चित्ररथापुढं जोंगा हवा. नकार देणं अवघड, पण तांत्रिक बाजू ऐकून घ्या. पायी चालणाऱ्याच्या वेगानं जायचं तर लो रेंज, म्हणजे हळू पण जोरात ओढणारा जादा गिअर, हवी. ती टाकली की पुढची चाकंही जोडली जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात चाक घसरून हिशेब मिटतो, डांबरावर मिटत नाही. सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हर अडकून बसते. ती ओढत बसू नका, चार फूट रिव्हर्स घ्या, सुटते. पण मागं ढोलपथक असताना रिव्हर्स कुठला! लो रेंज नको म्हणून क्लच अर्धा दाबून चालवलं तर प्लेट जळते. शिवाय एवढ्या हळू जाताना वारा लागत नाही म्हणून पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाका, दम धरा.

हे सगळं ऐकूनही पोरं हटली नाहीत, तर पेट्रोल कोण घालणार, एवढंच विचारा.