दुकान चित्रांच्या मधोमध होते

२००८ सालच्या जून महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये जपानी चित्रकार ताकाशी मुराकामी यांचे एकल प्रदर्शन पाहिले, तेव्हा चित्रांइतकेच तिथले एक दुकान माझ्या मनात घर करून राहिले. प्रदर्शनाच्या दालनांमध्येच लुई व्हिटॉन या महागड्या फ्रेंच ब्रँडचे खरेखुरे दुकान थाटलेले होते आणि मुराकामींच्या नक्षीच्या हॅन्डबॅगा तिथे पैसे मोजून विकत घेता येत होत्या. आदल्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये हे प्रदर्शन सुरू झाले, तेव्हाही दुकान होतेच. संग्रहालयाने स्वतःला बाजारात उभे केले, अशी टीका त्या वेळी बरीच झाली. मला ती अपुरी वाटली आणि आजही वाटते.

मुराकामी हे कार्टून काढून श्रीमंत झालेले गृहस्थ नव्हेत. निहोंगा या पारंपरिक जपानी चित्रपद्धतीचे रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी त्यातच डॉक्टरेट मिळवली आहे. त्यांचे १९९६ चे ‘७२७’ हे तीन फलकांचे चित्र पाहावे. त्यात दात विचकणारा डॉब हा त्यांचा कार्टूनी प्राणी एका लाटेवर स्वार झालेला आहे, पण ती लाट जुन्या जपानी चित्रगुंडाळ्यांतून आलेली आहे, आणि मागची पार्श्वभूमी रंगाचे थर चढवून, पुन्हा घासून अशी केली आहे की एखादा जीर्ण पडदाच समोर असल्यासारखे वाटते. इतक्या मेहनतीच्या चित्राला उथळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

चित्र, कॉमिक, खेळणे आणि वेष्टन यांच्यात उच्चनीच मानू नये, ही त्यांची ‘सुपरफ्लॅट’ भूमिका त्यांनी २००० साली मांडली. तिची मुळे एदो काळातल्या (सतरावे ते एकोणिसावे शतक) लाकडी ठशांच्या चित्रांत सापडतात. त्या काळचे चित्रकार हिरोशिगे यांच्या १८५६ ते १८५८ या काळातल्या एदो शहराच्या (आजचे टोकियो) चित्रमालिकेत सुरुगा-चो नावाचा रस्ता आहे. त्यावर फुजी पर्वत दिसतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मित्सुई घराण्याचे कापडाचे दुकान. ही चित्रे प्रकाशक छापत आणि सामान्य शहरवासी ती विकत घेत. दुकान चित्रात होते आणि चित्र दुकानात होते, म्हणून मुराकामींनी दालनात दुकान मांडले यात मला परंपरेशी द्रोह दिसत नाही.

माझा आक्षेप किमतीवर आहे. हिरोशिगेंचे चित्र साध्या कारागिरालाही घेता येई, पण त्या दुकानातली हॅन्डबॅग तिथल्या बहुतेक प्रेक्षकांनी काचेपलीकडूनच पाहिली. मुराकामींना हे अंतर ठाऊक नव्हते असेही नाही, कारण २००३ मध्ये त्यांनी आपल्या शिल्पांच्या चिमुकल्या प्रतिकृती च्युइंगमसोबत जपानमधल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांतून विकल्या होत्या. माझ्या मते त्यांच्या विचाराशी सर्वांत प्रामाणिक राहिलेले काम ते आहे. संग्रहालयाच्या दालनात मात्र मुराकामी महागड्या वस्तूच्या बाजूने उभे राहिले.

त्याहून मनाला लागले ते ब्रुकलिनच्या उद्घाटन सोहळ्यात घडलेले. न्यूयॉर्कच्या कॅनाल स्ट्रीटवर बनावट हॅन्डबॅगा विकणाऱ्या फेरीवाल्यांच्या गाड्यांची नक्कल करून संग्रहालयाबाहेर गाड्या लावल्या गेल्या आणि त्यांवर अस्सल माल विकला गेला. बनावट मालाला विरोध दाखवण्यासाठी ते केले होते, हे मी समजू शकते. पण ज्यांच्या गाड्या पोलीस उचलून नेतात, त्या माणसांच्या पोटापाण्याचे रूप सोहळ्याची सजावट म्हणून वापरले जावे, हे मला पटले नाही.

२०२४ मध्ये त्याच संग्रहालयात हिरोशिगेंची मूळ मालिका मांडली गेली आणि तिच्या शेजारी मुराकामींनी तीच दृश्ये नव्याने, मोठ्या आकारात रंगवून लावली. मी गेले ती सुरुगा-चो शोधत. मूळ चित्र दोन्ही हातांत मावेल एवढे लहान आहे. खाली दुकानांसमोरच्या रस्त्यावर माणसांची ये-जा चालली आहे आणि वर ढगांच्या पट्ट्यांतून फुजी डोके काढून आहे.