पिल्लू, पार्वो आणि गुरगुरणारा मोठा कुत्रा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पिल्लाची इतर कुत्र्यांशी ओळख कशी करून द्यावी, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. इतरांना संदर्भ लागेल, तेव्हा तुमचे आक्षेप आधी सांगते. लसी पूर्ण व्हायच्या आत पिल्लाला बाहेर न्यायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. तुमच्या डॉक्टरांनी 16 आठवड्यांपर्यंत उंबरठा ओलांडू नका असं बजावलंय. आठ महिन्यांपूर्वी तुमचं पिल्लू पार्वोने, म्हणजे कुत्र्यांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने, गेलं आणि आता दहा आठवड्यांचं नवं पिल्लू घरी आलंय. मोठा कुत्रा पिल्लावर गुरगुरला तर त्याला रागावू नका, हे माझं म्हणणं तुम्हाला क्रूर वाटलं. आणि सोशलायझेशन, म्हणजे लहान वयातच माणसं, इतर कुत्री, आवाज यांची सवय लावणं, हे नवं खूळ आहे, तुमचा आधीचा कुत्रा पाच महिने घरातच होता तरी उत्तम निपजला.

पार्वोने पिल्लू जाताना ज्याने पाहिलंय त्याला मी धीट व्हा असं सांगणार नाही. तुमची भीती खरी आहे. किंबहुना तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा हा विषाणू जास्त चिवट आहे. मातीत तो महिनोन् महिने टिकतो, कधी वर्षभरही. साबणाने मरत नाही. लागण झालेला कुत्रा आजारी दिसायच्या आधीच शीमधून तो पसरवायला लागतो, म्हणजे वरून ठणठणीत दिसणारा कुत्राही धोक्याचा असू शकतो. आणि तो चपलांच्या तळव्यांनाही चिकटतो. पिल्लाने उंबरठा ओलांडला नाही तरी आपण रोज ओलांडतोच. पिल्लू कोंडून ठेवलं म्हणजे पार्वोचा प्रश्न मिटला, असं म्हणूनच होत नाही.

डॉक्टर 16 आठवडे का म्हणतात, हेही समजून घ्यायला हवं. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाला सुरुवातीला जपते, पण तीच लसीलाही काम करू देत नाही. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, एकाच वेतातल्या भावंडांचंसुद्धा. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत 16 आठवड्यांपर्यंत किंवा थोडं पुढे जायचं, म्हणजे त्यातला एक तरी बहुतेक पिल्लांना लागू पडतो. पहिला डोस झाला म्हणजे पिल्लू सुरक्षित झालं, असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

अडचण ही की दुसरी एक मुदत त्याच्या आधीच संपते. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. पुढे अनोळखी दिसलं की आधी बिचकतं. हा शोध आजकालचा नाही. 1961 मध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी उंच कुंपणाच्या आत माणसांचा जवळजवळ वाराही न लागू देता पिल्लं वाढवली आणि वेगवेगळ्या वयाला थोडे दिवस माणसांच्या सहवासात आणली. 14 आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही, ती रानटी जनावरासारखी दूर पळायची आणि पुढेही नीट जवळ आली नाहीत. प्रयोग माणसांच्या ओळखीचा होता हे खरं, पण इतर कुत्री, आवाज, गाड्या यांची सवयही त्याच वयात लागते. त्यामुळे 'खूळ' या आक्षेपावर एवढंच पुरे.

तुमचा आधीचा कुत्रा चांगला निघाला, याचा आनंदच आहे. काही कुत्री उपजतच शांत असतात, त्यांना काहीही चालतं. पण हातातलं दहा आठवड्यांचं पिल्लू त्यातलं आहे की नाही, हे कळेपर्यंत ते वय सरलेलं असतं.

मग करायचं काय? रोगाचा धोका असतो जमिनीत आणि लस न घेतलेल्या कुत्र्यांच्या अंगाशी. तो टाळायचा, बाकी सगळं मोकळं. पिल्लाला कडेवर किंवा पिशवीत घेऊन फिरवा, उघड्या डिकीत मांडीवर घेऊन बसा, लांबून जाणारी कुत्री बघू द्या. बघून शांत राहिलं की तोंडात खाऊचा तुकडा. आपल्याकडे हे फार कमी लोक करतात, कारण यात 'खेळणं' दिसत नाही. मला मात्र हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. दिसेल त्या कुत्र्याच्या गळ्यात पडणारा कुत्रा घडवणं हा हेतूच नाही. दुसरा कुत्रा दिसला आणि याने एकदा बघून मान वळवली, की काम झालं.

बागेतली हिरवळ, रस्त्यातले खांब, डबकी आणि कोणाच्या लसीचा पत्ता नाही असे कुत्र्यांचे घोळके पूर्ण वर्ज्य. डबक्यात लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची) भीती असते. दवाखान्यातली जमीनही वर्ज्य, कारण आजारी कुत्री येतात ती तिथेच. तिथे पिल्लू मांडीवरून खाली उतरवायचं नाही.

प्रत्यक्ष भेट घडवायची ती ओळखीच्या, लसी पूर्ण झालेल्या, पिल्लांची सवय असलेल्या एखाद-दोन मोठ्या कुत्र्यांशी, त्यांच्या किंवा तुमच्या घरात. तीही पहिला डोस होऊन किमान सात दिवस झाल्यावर आणि जंताचं औषध देऊन. हा सात दिवसांचा नियम माझ्या मनचा नाही. अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेविअर या पशुवैद्यांच्या संस्थेने पिल्लांच्या वर्गांसाठी, म्हणजे जिथे पिल्लांना एकत्र आणून अशी सवय लावतात त्या वर्गांसाठी, 2008 च्या निवेदनात तो दिला आहे, आणि सात-आठ आठवड्यांपासून वर्गाला हरकत नाही असंही म्हटलंय. पुढे 2013 मध्ये अमेरिकेतच झालेल्या एका पाहणीत लस घेतलेल्या आणि अशा वर्गाला जाणाऱ्या पिल्लांना न जाणाऱ्यांपेक्षा पार्वोचा धोका जास्त आढळला नाही. पण हे वर्ग बंदिस्त, पुसलेल्या फरशीवरचे असतात आणि लसीची नोंद पाहूनच आत घेतात. त्या निष्कर्षाच्या जोरावर पिल्लाला मैदानात सोडू नका.

आता गुरगुरण्याबद्दल. यावर मी जरा हट्टी आहे.

पिल्लू मोठ्या कुत्र्याच्या कानाला लोंबकळतं, ताटलीत तोंड घालतं, झोपेत अंगावर उडी मारतं. शहाणा मोठा कुत्रा आधी मान फिरवतो, मग उठून दूर जातो. तरी कळलं नाही तर ओठ उचलतो, गुरगुरतो, फार झालं तर अंगाला दात न लावता हवेत चावा घेतो. पिल्लू क्षणभर थबकतं, बाजूला होतं. दात किती लावायचा आणि कुठे थांबायचं, हे त्याला आपल्यापेक्षा दुसरा कुत्राच चांगलं शिकवतो. अशा वेळी तुम्ही मोठ्यावर ओरडलात, तर पिल्लाचा धडा बुडतो आणि मोठा कुत्रा एवढंच शिकतो की गुरगुरलं की मार बसतो. पुढच्या वेळी तो गुरगुरत नाही, थेट चावतो. इशारा न देता चावणारे कुत्रे बरेचदा असेच तयार होतात.

मात्र 'रागावू नका' म्हणजे 'बघत बसा' नव्हे, हे त्याच लेखात पुढच्या परिच्छेदात होतं. मोठ्याने इशारा दिला आणि पिल्लू मागे हटल्यावर तोही सैलावला, तर ठीक. पिल्लू हटूनही तो पाठलाग करत असेल, अंग ताठ करून रोखून बघत असेल, वर उभा राहून दाबत असेल, तर भेट तिथेच संपवायची. उलट पिल्लूच ऐकत नसेल तर त्याला उचलायचं, कारण मोठ्याच्या सहनशीलतेलाही अंत असतो. आणि आठ ते दहा आठवड्यांच्या सुमाराला बसलेली धास्ती खोल जाते, तेव्हा आकाराने फार मोठा किंवा आडदांड कुत्रा कितीही प्रेमळ असला तरी पहिल्या भेटीला नको.

खेळ चाललाय की छळ, हे शंका आली की तपासता येतं. अंगावर चढलेल्याला हळूच धरून ठेवा. खाली दबलेला पुन्हा त्याच्याकडे आला तर खेळ होता. संधी साधून खुर्चीखाली शिरला तर नव्हता. खेळात पाळी बदलत राहते, कधी हा वर कधी तो. पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर करतात, मधेच थांबून अंग झटकतात. शेपूट पोटाशी, सारखं ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्यांची पांढरी कड दिसणं, तुमच्या पायांमागे लपणं, ही 'पुरे' म्हणण्याची रीत. लपलेल्या पिल्लाला 'जा ना, भेट ना' म्हणून पुढे ढकलू नका. ताणलेल्या पट्ट्यावर समोरासमोरची भेटही नको, कारण दोघांनाही बाजूला होता येत नाही. पाच-दहा मिनिटं पुष्कळ झाली, मग पिल्लाला झोपू द्या.

हे सगळं तुमच्या पिल्लासाठी मात्र लगेच नाही, कारण एक गोष्ट तुमच्या पत्रातूनच दिसते. पार्वो झालेलं पिल्लू याच घरात होतं आणि जेमतेम आठ महिने झालेत. तुमच्याकडे आज उंबरठ्याबाहेरच्या गोष्टींपेक्षा आधी घर बघायला हवं. जुनं अंथरूण, पट्टा, खेळणी, भांडी अजून वापरात असतील तर काढून टाका. फरशी साबणाने स्वच्छ धुऊन मग 30 भाग पाण्यात 1 भाग घरगुती ब्लीच घालून पुसा, दहा मिनिटं ओली राहू द्या, नंतर साध्या पाण्याने पुसून वाळल्यावरच पिल्लाला तिथे सोडा. अंगण असेल तर ती माती अशी धुता येत नाही. डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लू तिथे नको, शी-शू घरातच कागदावर. चपला दाराबाहेर. आणि मोठ्या कुत्र्याला तुमच्या घरी बोलावण्यापेक्षा, ज्या घरात वर्षभरात आजारी कुत्रा आलेला नाही अशा ठिकाणी पिल्लू कडेवर घेऊन जा.

डॉक्टरांना पुढच्या डोसच्या वेळी हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा : पिल्लू जमिनीवर कधी सोडू, आणि कडेवर कधीपासून फिरवू. पहिल्याला ते 16 आठवड्यांनंतर म्हणतील, आणि ते मला मान्यच आहे. दुसऱ्याचं काय म्हणाले ते इथे जरूर लिहा.