‘विनोद काय, कोकण्याच्या रक्तातच असतो’ म्हणे!

युथ फेस्टिव्हलचे दिवस जवळ आले की सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मुद्दे तेच. कोकणी माणूस जन्मजात विनोदी, त्याला शिकायची गरज नाही. दशावतारात, म्हणजे जत्रेत देवळापुढे रात्रभर चालणाऱ्या आपल्या लोकनाट्यात, ना संहिता असते ना तालीम. तोंडाला येईल ते बोलतात आणि लोक हसतात. ‘वस्त्रहरण’ नाटक मालवणी आणि शिव्यांवर चाललं. तेव्हा नाट्यशिबिरांवर पैसे उधळू नका, रील टाका. एक व्हायरल झालं की मुंबईहून फोन येतो. खाली हात जोडलेली इमोजी.

पहिल्या मुद्द्यात फार दम नाही. गजाली, म्हणजे गावगप्पा, रंगवणारा माणूस आपल्याकडे वाडीवाडीला सापडतो, कबूल. पण तो स्वतःच्या पडवीत, ओळखीच्या चौघांत, स्वतःला लहर आली की बोलतो. ज्याची टर उडवतो त्याचा आजासुद्धा ऐकणाऱ्यांना ठाऊक असतो. त्यालाच अलिबागच्या अनोळखी प्रेक्षकांपुढे उभा करा आणि सांगा, पडदा उघडला की हसव, उद्या परत याच जागी हसव. घाम फुटेल. विनोदी नटाचं काम तिथून सुरू होतं.

दशावताराच्या मुद्द्यावर मात्र मला राग येतो, कारण त्यात अर्धं खरं आहे. लिहिलेले संवाद नसतात, बरोबर. पण ‘तोंडाला येईल ते’? मंडळाचे पेटारे देवळात उतरतात, आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो, कामं वाटली जातात. राजपार्ट करणाऱ्याला ठाऊक असतं आपण कुठे आत यायचं, कुणावर कोपायचं, कुठला धागा पुढच्याच्या हाती देऊन जायचं. मधली वाक्यं त्याची. ती वाक्यं सुचतात कारण पुराणकथा तोंडपाठ असतात, कोण कुणाचा भाचा हे झोपेतही सांगता येतं आणि पेटीवाल्याने सूर धरला की कुठे थांबायचं हे अंगात भिनलेलं असतं. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात. तिथून पावसाच्या तोंडापर्यंत चांगल्या मंडळाचे प्रयोग रात्रीमागून रात्री चालतात. ही तालीमच आहे. फक्त ती लोकांदेखत होते.

भाषेची गंमत वेगळीच. देव आणि राजे जड, संस्कृतप्रचुर मराठी झाडतात. संकासूर येतो तो थेट मालवणीत. वेद पळवणारा राक्षस शेजारच्या घरातल्यासारखा बोलायला लागतो आणि मांडव फुटतो. सगळेच मालवणी बोलले असते तर एवढं हसू आलं नसतं.

आता जत्रेला जाणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल असा प्रकार घ्या. राजा दरबारात तावातावाने बोलतोय आणि एक कुत्रा येऊन बाकड्याखाली बसतो. नवखा नट ‘हाड’ करतो; हशा होतो आणि राजा संपतो. मुरलेला राजा आवाजही न बदलता विचारतो, “प्रधानजी, हा कोणत्या राज्याचा दूत?” प्रधान म्हणतो, “महाराज, दूत असता तर निरोप सांगून परतला असता. हा बसला, म्हणजे मांडलिक दिसतो.” राजा : “मग खंडणी घ्या आणि सीमेपार पोचवा.” तीन वाक्यांत कुत्रा गेला, दरबार शाबूत. इथे बघण्यासारखं काय? राजाने कुत्रा नाकारला नाही. तो कथेत ओढला, चेंडू प्रधानाकडे टाकला. प्रधानाने राजाचा शब्द खोडला नाही, त्यावर आणखी एक चढवला. आणि राजाने विषय वेळेत मिटवला. हे तिसरं सगळ्यांत कठीण. हशा मिळाला की तो ताणायचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही.

शिकागोत 1959 साली सुरू झालेल्या ‘सेकंड सिटी’ या नाट्यगृहात नेमकं हेच शिकवतात : समोरच्याने दिलेलं स्वीकारा आणि त्यात भर घाला. तिथल्या पद्धतीचा पाया व्हायोला स्पोलिन यांच्या नाट्यखेळांत आहे. त्यांचा मुलगा पॉल सिल्स हा संस्थापकांपैकी एक. आणि तिथेही उत्स्फूर्त सुचलेलं तसंच सोडून देत नाहीत. प्रेक्षकांपुढे पुन्हा पुन्हा करून पाहतात, गाळतात, घट्ट बसवतात, मग ते मुख्य कार्यक्रमात जातं.

आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर तर निव्वळ उत्स्फूर्ततेवर भागतच नाही. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडून, प्रमाणित करून घ्यावी लागते. नटाच्या पदरच्या वाक्यांना जागा मिळते ती त्या चौकटीत, तीही सहनटाला मिळायचा हशा न खाता.

‘वस्त्रहरण’ 16 फेब्रुवारी 1980 ला रंगमंचावर आलं आणि पाच हजारांवर प्रयोग झाले. शिव्यांवर? गंगाराम गवाणकरांनी रचलेला ढाचा बघा. गावातली हौशी मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक करायला घेतात. महाभारतात काय व्हायला हवं हे प्रेक्षकाला पाठ, समोर काय होतंय ते दिसतंय, आणि त्या फटीत मच्छिंद्र कांबळींनी रंगवलेला तात्या सरपंच. शिव्या काढल्या तरी हा ढाचा उभा राहतो. ढाचा काढला तर शिव्या उरतात, आणि त्या एसटी स्टँडवर फुकट ऐकायला मिळतात. मच्छिंद्र कांबळींच्या आधी मालवणी बोलणारं पात्र म्हणजे बहुतेकदा घरगडी. त्यांनी त्या बोलीला नाटकाच्या मधोमध बसवलं. आज ऑडिशनमध्ये ‘जरा मालवणी बोलून दाखव’ म्हटल्यावर खूश होणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. नाहीतर पुन्हा ट्रे घेऊन आत यायचं काम मिळेल.

राहिलं रील. टाका की, कोण नको म्हणतो? पण तीस सेकंदांचं रील दहा वेळा शूट करता येतं, फसलेलं खोडता येतं. दोन अंकी नाटकात खोडायची सोय नाही. त्यापेक्षा राज्य नाट्य स्पर्धेत एखादं दुय्यम काम धरा, शिमग्यात नमन या लोकनाट्यातली विनोदी मावशी करा, मृदंगवाल्याशी सवाल-जवाब कसे चालतात ते शिका. आणि लिहा. ‘रात्रीस खेळ चाले’ची 2016 ची मालिका सावंतवाडीजवळ आकेरीत चित्रित झाली, त्यातला पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर तिचे लेखकही होते.

मुंबईहून फोन आलाच, तर हिशेबही माहीत असू दे. नाटकात पैसे नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे, मिळतात. प्रयोग नाही तर नाइट नाही. मालिकेत दिवसावर ठरतात आणि बहुतेकदा 90 दिवसांनी हातात पडतात. खोलीचं भाडं मात्र एक तारखेला द्यावं लागतं. निघण्याआधी निदान चार महिन्यांची सोय बाजूला काढा. दशावतारातली माणसं पावसाळ्यात शेती करतात, ती याच हिशेबाने.